आवाज नेमका कुठे अडला?

आजच्या गप्पांचा विषय ऐकून तुम्हाला जरा नवल वाटेल. आज आपण बोलणार आहोत बास गिटारबद्दल. म्हणजे बास गिटारच्या पोटातला स्विच आणि त्याच्या तारा बिघडल्या तर दोष कसा शोधायचा, याबद्दल. तुमच्या गटाकडे बास गिटार नसेलही. पण भजनी मंडळाचा माईक असेल, भाड्याने द्यायचा स्पीकर असेल, गिरणीची मोटार असेल. दोष शोधायची रीत बरीचशी सारखीच असते, म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आमचा बचत गट कोकणातला, गोव्याच्या हद्दीला लागून. पापड-लोणच्यांच्या जोडीला आम्ही तीन वर्षांपूर्वी बायकांचा छोटा वाद्यवृंद सुरू केला. ढोलकी, कीबोर्ड, टाळ, एक ऑक्टोपॅड. मग हळदीच्या कार्यक्रमांना लोक विचारू लागले, "बास नाही का तुमच्यात?" म्हणून म्हापशाच्या एका वादकाकडून जुना बास गिटार घेतला. गटाच्या खात्यातले सात हजार रुपये त्यात गेले. वाजवायला शिकली ती आमच्यातली सर्वांत लहान सदस्य, गेल्या वर्षी लग्न होऊन गावात आलेली सून.

एका मंगळवारी सरावाला बसलो आणि बासचा आवाज गेला. म्हणजे पूर्ण गेला नाही. स्विचची दांडी एका बाजूला केली की आवाज येई, दुसऱ्या बाजूला केली की गप्प. शनिवारी हळदीची सुपारी घेतलेली, आगाऊ पैसेही आलेले. खजिनदार काकू म्हणाल्या, "आता काय करुचा गो?" शहरातल्या एका दुकानात फोन केला. त्यांनी वाद्य न बघताच सांगितलं, सगळं वायरिंग बदलावं लागेल, साडेतीन हजार रुपये, आठ दिवस लागतील.

आणि मग आमच्याकडून एक चूक झाली. आदल्या दिवशी वाद्य घरी कोणी नेलं होतं, तर त्या सुनेने. तिनेच पाडलं असणार, असं दोघी-तिघी बोलल्या. दुरुस्तीचा अर्धा खर्च तिने द्यावा, असं आम्ही इतिवृत्ताच्या वहीत लिहूनही टाकलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, मी खरंच पाडला नाही." आणि मान खाली घालून बसली. त्या रात्री आम्हाला काही झोप लागली नाही. आपण न बघता लिहिलं, ही गोष्ट टोचत होती. दुसऱ्या दिवशी आयटीआय शिकलेल्या एका भाच्याला बोलावलं, तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला आणि सगळ्याजणी मिळून बघायला बसलो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

आधी हे वाद्य चालतं कसं ते समजून घेऊ. बासला साधारण चार जाड तारा असतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते, म्हणून आवाज इतका खालचा, छातीत घुमणारा. आपल्या तंबोऱ्याला भोपळा असतो, तो आवाज मोठा करतो. या वाद्याचं लाकूड मात्र भरीव असतं, त्यामुळे नुसतं वाजवलं तर फारसं ऐकू येत नाही. तारांच्या खाली एक लांबट डबी बसवलेली असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्या आत लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार लोखंडी जातीची असते. ती चुंबकाजवळ थरथरली की त्या वेढ्यांमध्ये अगदी थोडी वीज तयार होते. चुंबक आणि तारेची ही करामत मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिली होती. सायकलचा डायनॅमोही त्याच तत्त्वावर चालतो. ही एवढीशी वीज केबलमधून अँप्लिफायरला जाते आणि तिथे आवाज मोठा होतो.

हातात धरून गिटारसारखा वाजवायचा बास घरोघर पोहोचवला तो अमेरिकेतल्या लिओ फेंडर यांनी, १९५१ साली. १९६० साली त्यांच्याच कारखान्याने जॅझ बास काढला, त्याला दोन पिकअप होते. आमच्या बासलाही दोन पिकअप आहेत. एक मानेकडचा, त्याचा आवाज जाड आणि गोल. दुसरा तारा जिथे टेकतात त्या बाजूचा. तंबोऱ्याला जशी घोडी असते तशी इथेही असते, तिला वादक ब्रिज म्हणतात. त्या बाजूच्या पिकअपचा आवाज कोरडा, ठसठशीत. जॅझ बासला दोन पिकअपसाठी आवाजाची दोन वेगळी बटणं असतात. आमच्या बासला मात्र तीन जागांचा स्विच आहे. दांडी एका टोकाला केली की मानेकडचा पिकअप, दुसऱ्या टोकाला केली की ब्रिजकडचा, आणि मध्ये ठेवली की दोन्ही.

हा स्विच म्हणजे आपल्या बागेतला पाट समजा. दोन पाट येऊन एका मोठ्या पाटाला मिळतात. माती ओढून एक पाट बंद केला की दुसऱ्याचंच पाणी पुढे जातं. दोन्ही उघडे ठेवले की दोघांचं जातं. स्विचच्या आत माती नसते, पितळेसारख्या लवचीक पत्त्या असतात. बाजूच्या दोन पत्त्यांना दोन पिकअपच्या तारा जोडलेल्या. मधल्या पत्त्यांपासून एक तार आवाजाच्या बटणाकडे आणि तिथून केबल लावायच्या जॅककडे जाते. दांडी मध्ये असली की दोन्ही बाजूच्या पत्त्या मधल्यांना टेकलेल्या असतात. दांडी एका बाजूला केली की नको असलेली पत्ती उचलली जाते. इतकंच.

प्रत्येक पिकअपला दोन तारा असतात, हेही लक्षात ठेवा. एक आवाज नेणारी, ती स्विचला जाते. दुसरी अर्थची, ती बटणाच्या धातूच्या पाठीवर जोडलेली असते. दोन्ही शाबूत असल्या तरच आवाज येतो.

आता दोष शोधायला लागू. पहिला नियम असा की स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी कान वापरा. स्विचच्या तिन्ही जागांवर आवाज ऐका आणि वहीत लिहा. वाजवणारी नसेल तरी चालेल. अँपचा आवाज कमी ठेवा आणि छोट्या स्क्रू ड्रायव्हरने पिकअपवर अगदी हळू टकटक करा. पिकअप चालू असेल तर स्पीकरमधून टक असा आवाज येतो. चुंबक स्क्रू ड्रायव्हरला ओढून घेतो, म्हणून हात सांभाळा, तारांवर किंवा वेढ्यांवर ओरखडा नको.

आता वही-पेन घ्या, कारण खरी गंमत इथे आहे. स्विच न उघडताही अर्धा दोष यावरूनच कळतो.

एक. तिन्ही जागांवर आवाज नाही. मग स्विचला दोष देण्याची घाई नको. तो आवाज पुढे जिथे अडतोय तिथे बघा. आधी केबल बदला, मग अँपची दुसरी पिन बघा, मग जॅकचा नट सैल आहे का ते पाहा. बऱ्याचदा घोडं केबलमध्येच अडलेलं असतं.

दोन. एका बाजूला आवाज नाही, पण मध्ये ठेवल्यावर दुसऱ्या पिकअपचा आवाज नीट येतो. म्हणजे एक पाट वरच कुठेतरी तुटलाय. पाणी येतच नाही, पण दुसऱ्या पाटाला त्याचा त्रास नाही. इथे तार तुटलेली, डाख सुटलेला, पत्ती न टेकणारी किंवा पिकअपचे आतले वेढे तुटलेले, यांपैकी एक काहीतरी असतं.

तीन. एका बाजूला आवाज नाही आणि मध्ये ठेवल्यावरही काही नाही, पण दुसऱ्या बाजूला नीट. हे वेगळं. पहिल्या पाटाला मोठं भगदाड पडलंय. दोन्ही पाट एकत्र केले की दुसऱ्याचं पाणीही त्याच भगदाडातून वाहून जातं. म्हणजे आवाजाची तार कुठेतरी अर्थला किंवा धातूला चिकटली आहे. उघडल्यावर उघड्या पडलेल्या तारेचा एखादा केस शोधा.

चार. दोन्ही बाजूंना आवाज छान, पण मध्ये ठेवल्यावर आवाज बारीक, पोकळ, दम नसलेला. झोपाळ्याला दोघी दोन बाजूंनी एकाच वेळी ढकलू लागल्या तर झोपाळा हलेल का? तसं होतं इथे. दोन पिकअप एकमेकांविरुद्ध जोडले गेलेत. पिकअप बदलल्यावर किंवा कोणी घाईत दुरुस्ती केल्यावर हे होतं. एका पिकअपच्या दोन तारांची अदलाबदल केली की सुधारतं. पण त्यातली एक तार जाळीची असेल किंवा पिकअपच्या धातूच्या झाकणाला जोडलेली असेल, तर अदलाबदल करू नका, जाणकाराला दाखवा.

पाच. दांडी हलवताना खरखर, कधी येतो कधी जातो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पत्त्यांवर मळ चढतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो. त्याचा एक फवारा मारा आणि दांडी वीस-पंचवीस वेळा इकडे-तिकडे करा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते.

आमचा प्रकार दोन नंबरचा होता. मानेकडच्या बाजूला गप्प, मध्ये आणि ब्रिजकडे नीट. म्हणजे केबल, जॅक, आवाजाचं बटण, ब्रिजकडचा पिकअप, हे सगळं चांगलं आहे, हे वाद्य न उघडताच कळलं. "सगळं वायरिंग बदला" हे मग कशाला?

आता मीटर. बास अँपपासून सोडवा. केबल बासला लावलेली राहू द्या, आवाजाचं बटण पूर्ण उघडा. मीटर ओहमच्या खुणेवर २० किलोओहमच्या जागी ठेवा. केबलच्या मोकळ्या पिनच्या टोकाला एक काडी आणि पिनच्या बुंध्याला दुसरी काडी लावा. अशा एकेरी वेढ्यांच्या पिकअपला साधारण ७ ते ८ किलोओहम दिसतात. मध्ये ठेवल्यावर दोन वाटा एकत्र होतात, म्हणून आकडा जवळजवळ निम्मा दिसायला हवा. वाट तुटलेली असेल तर साध्या मीटरवर डावीकडे नुसता १ दिसतो. आणि तार अर्थला चिकटली असेल तर शून्याजवळ.

आमचे आकडे असे होते. ब्रिजकडे ७.५. मध्ये पुन्हा ७.५. मानेकडे नुसता १. मधला आकडा निम्मा झाला नाही, म्हणजे मानेकडचा पिकअप जोडलेलाच नाही. कानाने जे सांगितलं तेच मीटरने सांगितलं.

मग उघडलं. बासच्या पाठीला झाकण असतं, चार स्क्रू. तारा सैल कराव्या लागत नाहीत. स्क्रू एका वाटीत ठेवले. आणि कशालाही हात लावण्याआधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढले, कोणती तार कुठे आहे ते दिसेल असे. हे विसरू नका. आत बघून सगळ्याजणी एकदम म्हणाल्या, "एवढंच?" दोन पिकअपच्या तारा, एक स्विच, दोन बटणं, एक जॅक. आमच्या बासला बॅटरी नाही, त्यामुळे आत धोक्याची वीज नाही.

मीटरची एक काडी मानेकडच्या पिकअपच्या तारेच्या उघड्या टोकाला लावली, दुसरी बटणाच्या धातूच्या पाठीला. ७.४ दिसलं. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण पिकअप जिवंत होता. वेढे तुटले असते तर नवा पिकअप घ्यावा लागला असता. मग पहिली काडी अर्ध्या बोटावर सरकवून स्विचच्या पत्तीला लावली. १ दिसला. तारेपर्यंत वाट आहे, पत्तीपर्यंत नाही. म्हणजे दोष त्या दोघांच्या मधल्या डाखात.

भिंगातून बघितलं. बाकीचे डाख चकचकीत होते. हा एक राखाडी, दाणेदार, आणि तार त्याच्यात सैल फिरत होती. शिवाय ही तार बाकीच्या तारांपेक्षा आखूड आणि ताणलेली. आधी कधीतरी कोणीतरी दुरुस्ती करताना तार आखूड कापली होती आणि डाख नीट न तापवता दिला होता. तो ताणाने हळूहळू सुटत आला आणि मंगळवारी सुटला. लाकडावर कुठेही ठोकर नव्हती, एकही स्क्रू हललेला नव्हता. वाद्य पडलेलं नव्हतंच.

डाख देण्याचं काम भाच्याने दाखवलं आणि मग त्या सुनेनेच केलं. आधी ताण जावा म्हणून दोन इंच नवी तार जोडली आणि सांध्यावर प्लास्टिकची नळी चढवली. जुना डाख वितळवून काढला. मग सोल्डरिंगची इस्त्री पत्ती आणि तार दोघांनाही एकदम टेकवायची, दोन-तीन सेकंद तापू द्यायचं, आणि सोल्डर इस्त्रीला न लावता त्या तापलेल्या सांध्याला लावायचं. ते पाण्यासारखं पसरलं की इस्त्री काढायची. थंड होईपर्यंत तार हलवायची नाही, फुंकर मारायची नाही. मग हलकेच ओढून बघायचं. सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा, मुलांना दूर ठेवा, चुलीजवळ किंवा ताटावर हे काम नको, आणि नंतर साबणाने हात धुवा.

पुन्हा मीटर लावला. मानेकडे ७.२, मध्ये ३.७, ब्रिजकडे ७.५. मधला आकडा निम्मा झाला. सोल्डर, तार आणि नळी मिळून खर्च नव्वद रुपये. मीटर आणि सोल्डरिंगची इस्त्री गटाच्या मालकीची झाली, ती पुढे कामाला येईल.

दोन गोष्टी मात्र जिवावरच्या आहेत, त्या नीट ऐका. वाद्य अँपला लावलेलं असताना तारांना हात लागून झिणझिण्या आल्या तर लगेच वाजवणं थांबवा आणि अँपची पिन काढा. तो दोष स्विचचा नसतो. अँपचा किंवा वीजजोडणीच्या अर्थिंगचा असतो, आणि तो माणसाला मारू शकतो. मांडवात तीन पिनेच्या जागी दोन पिनेचा जुगाड करू नका. दुसरं, अँप्लिफायर स्वतः उघडू नका. पिन काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहू शकते. ते काम वायरमनचं किंवा मेकॅनिकचं.

हे सगळं चालू असताना ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले होते, "हे काय बायकांचं काम?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता सांगतो. लिओ फेंडर यांच्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्यात १९५६ साली अबिगेल इबारा नावाची एक बाई कामाला लागली. पुढे अनेक दशकं पिकअपवर त्या केसासारख्या तारांचे वेढे घालण्याचं काम तिने केलं, आणि तिच्या हातचे पिकअप आज वादक शोधत फिरतात. आणि आपल्या मुंबईची मोहिनी डे बास वाजवत जगभर जाते, ए. आर. रहमान यांच्याबरोबरही तिने वाजवलं आहे. वेढे घालणारी बाई, वाजवणारी बाई, मग तुटलेला डाख जोडणारी बाई का नको?

शुक्रवारी गटाची खास सभा घेतली. वहीतला तो ठराव सगळ्यांसमोर वाचला आणि त्यावर आडवी रेघ मारून खाली लिहिलं, "दोष जुन्या डाखाचा होता. सदस्याची चूक नव्हती. गटाने न तपासता आरोप केला, त्याबद्दल गट दिलगीर आहे." सगळ्यांनी सह्या केल्या. काकूंनी तिच्या हातात गूळ-खोबरं ठेवलं. ती हसली, पण पुढे म्हणाली तेही खरं, "ताई, आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं." त्यावर आम्हाला काही बोलता आलं नाही.

शनिवारी हळद छान झाली. आता वाद्यांची एक वेगळी वही केली आहे, ती तिच्याकडेच असते. प्रत्येक वाद्याचे चांगले असतानाचे आकडे आणि आतले फोटो त्यात ठेवलेत, म्हणजे पुढे बिघडलं की फरक लगेच दिसेल. गटाचा एक नियमही ठरला: वस्तू बिघडली तर आधी कान, मग मीटर, आणि कोणाचं नाव वहीत लिहायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी.

तुमच्या गटात असं काही घडलं असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात स्पीकरची केबल घरच्या घरी कशी तपासायची ते बघू. तोपर्यंत नमस्कार.